नोंदणी न झालेली आयात मोटार ब्रिटनमध्ये एमओटी चाचणीला कायदेशीरपणे कशी न्यावी

जपान, जर्मनी किंवा अमेरिकेतून वापरलेली मोटार ब्रिटनमध्ये आणणाऱ्या माणसाला एका टप्प्यावर हमखास एक पेच पडतो. गाडीची नोंदणी करायची तर डीव्हीएलए, म्हणजे स्वॉन्सी येथील वाहन नोंदणी कार्यालय, रस्तायोग्यतेचे एमओटी प्रमाणपत्र मागते. ते प्रमाणपत्र मिळवायचे तर गाडी चाचणी केंद्रापर्यंत न्यावी लागते. आणि न्यायची तर तिच्यावर ना क्रमांक असतो, ना रोड टॅक्स भरलेला असतो, ना जुने एमओटी असते. हा पेच कायद्यानेच सोडवलेला आहे. मात्र सोडवताना ठेवलेली वाट अरुंद आहे, आणि तिची हद्द नेमकी कुठे संपते हे न पाहताच बरेच जण गाडी रस्त्यावर काढतात. म्हणून ही हद्द नीट आखून दाखवणे मला गरजेचे वाटते. येथे दिलेले नियम इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांना लागू आहेत. उत्तर आयर्लंडमधील चाचणीची व्यवस्था वेगळी आहे.

सवलत कशाची आहे आणि कशाची नाही

ब्रिटनमधील वाहन कर आणि नोंदणी यांचा मुख्य कायदा १९९४ चा आहे. त्याच्या २९ व्या कलमानुसार कर न भरलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर वापरणे किंवा ठेवणे हा गुन्हा आहे. याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील २२ व्या परिच्छेदात चाचणीला जाणाऱ्या वाहनाला करातून सूट दिलेली आहे, आणि तिच्या अटी त्या परिच्छेदाच्या शब्दांतच सामावलेल्या आहेत: चाचणी सक्तीची असावी, ती आधी ठरवलेली असावी, ठराविक तारखेची आणि ठराविक वेळेची असावी, आणि वाहन केवळ त्या चाचणीला नेण्यासाठी किंवा तेथून परत आणण्यासाठीच वापरात असावे. यांतली एकही अट सुटली तरी सूट उरत नाही.

एमओटी नसताना गाडी चालवण्याचा प्रश्न १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याच्या ४७ व्या कलमात येतो, आणि आधी ठरवलेल्या चाचणीला जाण्याची मुभा १९८१ च्या चाचणी नियमांत दिलेली आहे. राहिली नंबर प्लेट. नोंदणी क्रमांक न लावता गाडी चालवणे हा १९९४ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाखाली गुन्हा असून त्यासाठी १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याच कलमात चालकाला बचावही दिला आहे. गाडीची नोंदणी करून घेण्याची वाजवी संधी मिळालीच नव्हती आणि गाडी नियमांत बसणाऱ्या एमओटी चाचणीसाठी चालवली जात होती, असे चालकाने सिद्ध केले, तर त्याला दोषी धरता येत नाही. येथे ‘सिद्ध केले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ही सरसकट परवानगी नव्हे, आरोप झाल्यास वापरायचा बचाव आहे, आणि पुरावा देण्याची जबाबदारी चालकाची आहे. म्हणूनच गाडी देशात आल्यावर कागदपत्रांची हालचाल तातडीने सुरू करावी. जी गाडी सहा महिने घराच्या आवारात नुसती उभी होती, तिच्याबाबत नोंदणीची संधी मिळाली नाही असे म्हणणे माझ्या मते फार कमकुवत ठरेल.

दोन गोष्टींना मात्र कोणतीही सूट नाही. पहिली म्हणजे विमा आणि दुसरी म्हणजे गाडीची प्रत्यक्ष सुरक्षित अवस्था. चाचणीला जाताना कर नसला, एमओटी नसले आणि क्रमांक नसला तरी चालते, यावरून बाकीचेही चालत असेल असा समज अनेकांचा होतो. तो सर्वांत महागात पडणारा आहे.

आपली गाडी या सवलतीत बसते का, हे आधी तपासावे

सवलत सक्तीच्या चाचणीची आहे, त्यामुळे आपल्या गाडीला एमओटी सक्तीचे आहे की नाही हा पहिला प्रश्न. ब्रिटनमध्ये नवी विकली गेलेली मोटार नोंदणीपासून तीन वर्षांनी एमओटीच्या कक्षेत येते. परदेशात आधी रस्त्यावर वापरून मग येथे आणलेल्या गाडीसाठी मात्र ही तीन वर्षे तिच्या उत्पादनाच्या तारखेपासून मोजली जातात, आणि कायद्याच्या दृष्टीने उत्पादनाची तारीख म्हणजे ज्या वर्षी गाडीची जुळणी पूर्ण झाली त्या वर्षाचा शेवटचा दिवस. म्हणजे मार्च २०२१ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचे उत्पादन ३१ डिसेंबर २०२१ रोजी झाले असे धरले जाते. आयात गाड्यांच्या बाबतीत हा बारकावा खूप वेळा दुर्लक्षित राहतो, कारण परदेशी कागदावर पहिल्या नोंदणीची तारीख ठळक असते आणि जुळणीचे वर्ष वेगळे शोधावे लागते.

दुसऱ्या टोकाला चाळीस वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या ऐतिहासिक गाड्या आहेत. त्यांना एमओटीतून सूट आहे. मालक मनाच्या समाधानासाठी चाचणी करून घेऊ शकतो आणि जुन्या गाडीच्या बाबतीत ते शहाणपणाचेही आहे; पण ती चाचणी सक्तीची नसल्यामुळे नोंदणी न झालेली अशी गाडी तिच्यासाठी रस्त्याने चालवत नेण्यास २२ व्या परिच्छेदाचा आधार मिळत नाही. ती ट्रेलरवरूनच न्यावी.

दहा वर्षांहून कमी वयाच्या मोटारीला एमओटीच्या जोडीला वाहन मान्यताही, म्हणजे गाडीची बनावट येथील नियमांत बसते याचा दाखलाही, लागतो. युरोपात मान्यता मिळालेल्या डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी ही प्रक्रिया साधारणपणे कागदोपत्री होते: हेडलाइट, स्पीडोमीटर आणि मागचा फॉग लाइट येथील नियमांप्रमाणे बदलल्याचा पुरावा, उदाहरणार्थ गॅरेजचे बिल, जोडावा लागतो. अमेरिका किंवा जपानमधून आलेल्या गाडीला मात्र डीव्हीएसए या सरकारी वाहन तपासणी संस्थेच्या केंद्रात आयव्हीए ही प्रत्यक्ष तपासणी द्यावी लागू शकते. नोंदणीसाठी आवश्यक असलेल्या अशा मान्यता तपासणीसाठी नेतानाही करातून मिळणारी सूट त्याच अटींवर लागू होते. नंबर प्लेटच्या बाबतीत, गाडी नोंदणी करून घेण्याच्या हेतूनेच चालवली जात होती असा बचाव ४२ व्या कलमात स्वतंत्रपणे आहे. दहा वर्षांहून जुन्या मोटारीला ही मान्यता लागत नाही, म्हणून जपानी जुन्या गाड्या आणणाऱ्या बहुतेकांचा संबंध फक्त एमओटीशी येतो.

विमा: क्रमांक नसलेल्या गाडीचा

रोड ट्रॅफिक कायद्याच्या १४३ व्या कलमानुसार किमान तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, मग प्रवास चाचणी केंद्रापर्यंतच्या दोन किलोमीटरचा असला तरी. विम्याशिवाय सापडल्यास ३०० पौंडांचा जागेवरचा दंड आणि परवान्यावर सहा दंडगुण ठरलेले आहेत. प्रकरण न्यायालयात गेल्यास दंडाला कमाल मर्यादा नाही आणि वाहन चालवण्यास बंदीही येऊ शकते. शिवाय पोलिसांना गाडी जप्त करण्याचा अधिकार आहे, आणि नोंदणी नसलेली जप्त गाडी सोडवून आणणे हे एक वेगळेच दिव्य ठरते.

विमा कंपन्यांची संकेतस्थळे नोंदणी क्रमांक मागतात आणि तो नसला की पुढे सरकत नाहीत. म्हणून हा विमा फोनवरून घ्यावा. आयात गाड्यांचे काम करणाऱ्या दलालांना चेसिस नंबरवर विमा देण्याची सवय असते. क्रमांक मिळाल्यावर तो त्यांना कळवला की पॉलिसीत बदल करून मिळतो. बोलताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात आणि त्यांचे उत्तर लेखी मागावे: गाडीची ब्रिटनमध्ये अजून नोंदणी झालेली नाही, तिला सध्या एमओटी नाही, आणि ती चाचणीला नेण्यासाठी व परत आणण्यासाठी रस्त्यावर येणार आहे. यांतली कोणतीही बाब लपवली, तर पॉलिसी हातात असूनही ऐन वेळी ती निरुपयोगी ठरण्याचा धोका आहे. आपल्या दुसऱ्या मोटारीच्या पॉलिसीत ‘इतर गाड्या चालवण्याची’ तरतूद असते, तिच्यावर विसंबू नये. ती सहसा स्वतःच्या मालकीच्या गाडीला लागू होत नाही.

चेसिस नंबरबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. युरोपीय आणि अमेरिकी गाड्यांचा हा क्रमांक सतरा अक्षरांचा असतो आणि बहुधा समोरच्या काचेखाली डॅशबोर्डवर किंवा दाराच्या खांबावर दिसतो. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनवलेल्या गाड्यांचा क्रमांक याहून आखूड असतो, त्यात मध्ये आडवी रेघ येते आणि तो अनेकदा बॉनेटखाली इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेला असतो. सतरा रकाने मागणाऱ्या संगणकापुढे तो अपुरा वाटतो, म्हणून काही जण पुढे शून्ये घालून तो लांबवतात. तसे करू नये. पत्र्यावर जो कोरला आहे तोच, अक्षराला अक्षर जुळवून, विम्याच्या कागदावर, चाचणीच्या नोंदीत, सीमाशुल्काच्या सूचनेत आणि नोंदणीच्या अर्जात यायला हवा. जोपर्यंत गाडीला ब्रिटिश क्रमांक नाही तोपर्यंत हीच तिची एकमेव ओळख आहे, आणि चार कागदांवर ती चार प्रकारे लिहिली गेली तर कोणताच कागद दुसऱ्याला आधार देत नाही.

गाडी परदेशातून आलेली असली तरी चालकाचा परवाना मात्र येथे वैध हवा. भारतातून नुकतेच ब्रिटनमध्ये राहायला आलेल्यांना भारतीय परवान्यावर रहिवास सुरू झाल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. पण त्या परवान्यावर अल्प मुदतीचा विमा द्यायला सर्वच कंपन्या तयार होत नाहीत, म्हणून ही चौकशी सर्वांत आधी करावी.

चाचणीची वेळ ठरवताना

चाचणी केंद्राचे ऑनलाइन फॉर्मही नोंदणी क्रमांक मागतात, तेव्हा येथेही फोन किंवा प्रत्यक्ष भेट बरी. नोंदणी न झालेल्या गाडीची चाचणी चेसिस नंबरवर करता येते आणि प्रमाणपत्रावर तोच छापला जातो. सर्वच केंद्रांना हे काम रोजचे नसते. समोरचा माणूस क्रमांकाशिवाय चाचणी होत नाही असे म्हणाला तर वाद घालण्यापेक्षा आयात गाड्या नेहमी तपासणारे दुसरे केंद्र शोधावे. मोटारीच्या एमओटीचे कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे आणि आयात गाडी म्हणून त्याहून जास्त आकारता येत नाही.

वेळ पक्की झाली की ती लेखी मागून घ्यावी. ईमेलमध्ये केंद्राचे नाव व पत्ता, तारीख, वेळ, गाडीची बनावट आणि चेसिस नंबर एवढे आले तर पुरे. कायद्यात ‘आधी ठरवलेली, ठराविक तारखेची, ठराविक वेळेची’ असे म्हटले आहे, आणि हा एक ईमेल या तिन्ही गोष्टी दाखवतो. वेळ न घेता आलेल्या गाड्या तपासणाऱ्या केंद्राकडे सहज निघून जाणे मात्र येथे चालत नाही. चाचणी तीच होईल, शुल्कही तेच पडेल, पण वाटेतला प्रवास बेकायदा ठरेल.

केंद्र किती दूर असावे याची मर्यादा कायद्यात नाही. जवळचेच केंद्र निवडावे असेही बंधन नाही. तरीही शंभर मैलांवरचे केंद्र का निवडले, याचे सरळ उत्तर आपल्याकडे असावे. आयात गाड्यांचे विशेष ज्ञान असलेले केंद्र हे असे उत्तर आहे, वाटेत मित्राकडे मुक्काम करायचा होता हे नव्हे. ‘केवळ’ या शब्दाचा अर्थ येथे काटेकोरपणे घ्यावा. चाचणीला जाताना बाजारहाट उरकणे किंवा परतताना कुणाला स्टेशनवर सोडणे यांमुळे प्रवासाचा हेतू एकच राहत नाही. पेट्रोल भरण्यासाठी थांबणे प्रवासाचाच भाग आहे असे म्हणता येईल, पण जहाजाने येणाऱ्या गाड्यांच्या टाकीत मुद्दाम थोडेच इंधन ठेवलेले असते, म्हणून आदल्या दिवशीच योग्य डब्यातून पुरेसे इंधन आणून घालावे आणि तो प्रश्नच मिटवावा.

बंदरातून थेट घरी गाडी चालवत नेता येईल का, असे बरेच जण विचारतात. या सवलतीखाली तसे करता येत नाही, कारण घर हे चाचणी केंद्र नाही. पण साउथॅम्प्टन, टिलबरी किंवा ब्रिस्टलजवळच्या रॉयल पोर्टबरी बंदरात गाडी उतरणार असेल, तर बंदराजवळच्या केंद्रात चाचणी ठरवून गाडी तेथे न्यावी आणि तेथून घरी आणावी, हा मार्ग खुला आहे: पहिला टप्पा चाचणीला नेण्याचा आणि दुसरा तेथून परत आणण्याचा. यात अडचण वेळापत्रकाची आहे. जहाजे उशिरा येतात, सीमाशुल्काची मोकळीक एखाद्या दिवसाने पुढे जाते, आणि ठरलेली वेळ हुकली की सवलतही संपते. वेळ पुढे ढकलायची असेल तर निघण्यापूर्वी केंद्राशी बोलून नव्या वेळेचा लेखी दुजोरा घ्यावा, मगच चावी फिरवावी.

गॅरेजमध्ये आधी बदल करून घेण्याचा मोह

येथे सर्वांत जास्त लोक चुकतात, आणि चुकण्याचे कारण समजण्याजोगे आहे. आयात गाडी एमओटीत नापास होण्याची कारणे बहुतेक आधीच माहीत असतात. १ एप्रिल १९८० नंतर प्रथम वापरात आलेल्या मोटारीला मागे किमान एक फॉग लाइट हवा आणि तो मध्यभागी किंवा चालकाच्या, म्हणजे उजव्या बाजूला हवा. जपानी गाड्यांना तो बहुधा नसतोच आणि युरोपीय गाड्यांना तो अनेकदा डाव्या बाजूला असतो. युरोपातून आलेल्या गाडीचे हेडलाइट उजवीकडे झुकणारा प्रकाश टाकतात, तो येथे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. जपानमध्ये वाहतूक डावीकडूनच असल्याने त्या गाड्यांना ही अडचण सहसा येत नाही. अमेरिकी गाड्यांचे मागचे इंडिकेटर अनेकदा लाल असतात. सप्टेंबर १९६५ पासून पुढच्या गाड्यांना ते नारिंगी असणे आवश्यक आहे.

हे सगळे माहीत असताना आधी गॅरेजमध्ये जाऊन फॉग लाइट बसवून घ्यावा आणि मग चाचणीला जावे, हा विचार तांत्रिकदृष्ट्या अगदी योग्य आहे. पण चाचणीपूर्वी गॅरेजमध्ये नेण्यासाठी कायद्याने सूट दिलेली नाही. दुरुस्तीसाठी रस्त्यावरून जाण्याची मुभा गाडी चाचणीत नापास झाल्यानंतरच मिळते, आणि तीही त्या नापासाची कारणे दूर करण्यासाठी, ज्या ठिकाणी काम करायचे तेथे आधी तारीख व वेळ ठरवून. म्हणजे नापास होण्याआधी दुरुस्तीला जाणे बेकायदा आणि नापास झाल्यावर जाणे कायदेशीर, असा हा क्रम आहे. तो विचित्र वाटला तरी पाळावा लागतो.

व्यवहारात यातून तीन वाटा निघतात. घरी येऊन काम करणारा मेकॅनिक बोलावून बदल आवारातच करून घ्यावेत. ही मला सर्वांत चांगली वाट वाटते, कारण गाडी रस्त्यावर येते तेव्हा ती आधीच नियमांत बसलेली असते. दुसरी वाट गाडी लो-लोडरवरून किंवा ट्रेलरवरून गॅरेजला नेण्याची. तिसरी म्हणजे ज्या गॅरेजमध्ये चाचणी आणि दुरुस्ती दोन्ही होते तेथे चाचणीचीच वेळ घ्यावी, आणि गाडी नापास झाली तर तेथेच काम करून घ्यावे. या तिसऱ्या वाटेत एक जोखीम आहे: कायद्याने आवश्यक असलेला दिवा नाही हे ठाऊक असताना गाडी रस्त्यावर आणणे हा स्वतंत्र दोष धरला जाऊ शकतो, कारण सूट कराची आणि एमओटीची आहे, दिव्यांच्या नियमांची नाही.

ट्रेलरचा पर्याय पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. १ जानेवारी १९९७ नंतर परवाना मिळवलेल्यांनाही १६ डिसेंबर २०२१ पासून वेगळी परीक्षा न देता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. ओढणाऱ्या गाडीची क्षमता मात्र तपासावी लागते. चारही चाके जमिनीपासून वर असलेली गाडी हे निव्वळ सामान असते, तिला कर, क्रमांक आणि एमओटी यांची गरज नसते. दोरीने ओढून नेणे हा उपाय नव्हे, कारण चाके रस्त्यावर असलेली आणि आत चालक बसलेली गाडी रस्त्यावर वापरात आहे असेच धरले जाते. वाहन व्यवसायिकांना मिळणाऱ्या लाल अक्षरांच्या ट्रेड प्लेटही मित्राकडून उसन्या आणून लावता येत नाहीत. त्यांचा वापर त्या व्यवसायिकाच्या कामापुरता मर्यादित आहे. मात्र गॅरेजवाल्याकडे अशा प्लेट असतील आणि तो स्वतःच्या विम्यावर गाडी घेऊन जायला तयार असेल, तर ती सोय जरूर विचारात घ्यावी.

निघण्यापूर्वी आणि वाटेत

आठवडेच्या आठवडे जहाजात आणि बंदरात उभ्या राहिलेल्या गाडीची अवस्था कागदावरून कळत नाही. खाऱ्या हवेने ब्रेकच्या तबकड्यांवर गंज चढतो, टायर एका बाजूला चपटे होतात, बॅटरी उतरते. गाडी चाचणीलाच चालली आहे, दोष तेथे कळतीलच, हा युक्तिवाद पोलिसांपुढे टिकत नाही. धोकादायक अवस्थेतील गाडी चालवल्याबद्दल २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि तीन गुण होऊ शकतात, आणि चाचणीचे निमित्त त्यातून सोडवत नाही. म्हणून आवारातच ब्रेक दाबून पाहावेत, हँडब्रेक धरतो का ते पाहावे, सर्व दिवे कुणाला तरी मागे-पुढे उभे करून तपासावेत, काच आणि वायपर पाहावेत, आणि टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात नक्षीची खोली सर्वत्र किमान १.६ मिलिमीटर आहे याची खात्री करावी. यांतले काहीही शंकास्पद असेल तर गाडी ट्रेलरवरच चढवावी. हेडलाइटचा प्रकाश चुकीच्या बाजूला पडत असेल तर दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत आटोपेल अशीच वेळ घ्यावी.

परदेशातील नोंदणी रद्द झालेली असेल तर जुनी पाटी काढून ठेवावी, कारण ती आता खरी नाही. दुसऱ्या गाडीचा ब्रिटिश क्रमांक तात्पुरता लावणे हा गंभीर गुन्हा आहे आणि वर सांगितलेला सगळा बचाव त्याने एका क्षणात नाहीसा होतो. काही जण पुठ्ठ्यावर चेसिस नंबर लिहून मागच्या काचेला लावतात. कायद्याने ते मागितलेले नाही आणि त्याने ती नंबर प्लेटही ठरत नाही. तरी गाडी लपवण्याचा हेतू नाही हे त्यातून दिसते, म्हणून त्यात मला गैर वाटत नाही.

क्रमांक नसलेली गाडी पोलिसांच्या नजरेत भरणारच. थांबवले तर शांतपणे चाचणीचा ईमेल, चेसिस नंबर असलेले विमा प्रमाणपत्र, परवाना, परदेशी नोंदणीचे किंवा निर्यातीचे मूळ कागद आणि सीमाशुल्काकडे दिलेल्या सूचनेचा दुजोरा दाखवावा. हे सर्व छापील प्रतींत एका पाकिटात ठेवावे. मोबाइलची बॅटरी अशाच वेळी उतरते. एखादा कागद जवळ नसेल तर अधिकारी तो सात दिवसांत पोलीस ठाण्यात आणून दाखवण्यास सांगू शकतात, पण वेळ ठरल्याचा पुरावा जागेवर नसेल तर गोष्टी तेवढ्या सौम्य राहतीलच असे नाही.

केंद्रावर वेळेआधी फार लवकर पोहोचू नये. सवलत गाडी वापरण्याची आहे, ठेवण्याची नाही, म्हणून आदल्या रात्री गाडी केंद्रासमोरच्या रस्त्यावर उभी करून ठेवणे तिच्यात बसत नाही. गाडी केंद्राच्या आवारातच उभी करायला मिळेल ना, हे वेळ घेतानाच विचारावे. चाचणी सुरू होताना ओडोमीटर किलोमीटरमध्ये आहे हे परीक्षकाला आठवणीने सांगावे. प्रमाणपत्रावर ते आकडे मैल म्हणून नोंदले गेले तर पुढे गाडी विकताना त्याचा त्रास होतो.

निकालानंतर

गाडी नापास झाली तर निकालातील दोषांचा वर्ग पाहावा. मे २०१८ पासून दोष धोकादायक, मोठे आणि किरकोळ असे विभागलेले आहेत. धोकादायक दोष निघाला तर ती गाडी तेथून चालवत नेता येत नाही. तेथेच दुरुस्त करावी किंवा उचलून न्यावी. फक्त मोठे दोष असतील आणि गाडी रस्त्यावर चालवण्याइतकी सुरक्षित असेल, तर ती घरी आणता येते किंवा आधी वेळ ठरवून दुरुस्तीला नेता येते. दुरुस्तीसाठी गाडी केंद्रातच ठेवली आणि दहा कामाच्या दिवसांत पुन्हा तपासली गेली, तर त्या अंशतः फेरचाचणीला शुल्क नसते. फेरचाचणीसाठी बाहेरून यायचे असेल तर तिचीही तारीख आणि वेळ नव्याने लेखी घ्यावी.

गाडी उत्तीर्ण झाली की अनेकांना मोकळे झाल्यासारखे वाटते आणि येथेच दुसरी मोठी चूक होते. एमओटी हातात आले म्हणजे गाडी रस्त्यावर वापरता येते असे नाही. केंद्रातून थेट घरी किंवा ठेवण्याच्या जागी आणण्यापुरतीच सूट आहे. त्यानंतर नोंदणी होऊन कर भरला जाईपर्यंत गाडी खासगी जागेतच उभी राहिली पाहिजे. घरापुढचा रस्ता ही खासगी जागा नव्हे. गाडी रस्त्यावर नसल्याची एसओआरएन सूचनाही देता येत नाही, कारण तिला क्रमांक लागतो आणि तो अजून नाही.

नोंदणीचे काम त्याच आठवड्यात उरकावे. गाडी ब्रिटनमध्ये आल्यापासून चौदा दिवसांच्या आत एचएमआरसीकडे, म्हणजे कर व सीमाशुल्क खात्याकडे, गाडी आल्याची ‘नोव्हा’ सूचना गेलेली असली पाहिजे, आणि देय सीमाशुल्क व व्हॅट यांचा निकाल लागला पाहिजे. त्याशिवाय डीव्हीएलए अर्ज पुढे नेत नाही. वापरलेल्या गाडीसाठी व्ही ५५/५ हा अर्ज भरावा आणि त्यासोबत एमओटी प्रमाणपत्र, परदेशी नोंदणीचे मूळ कागद, गाडीच्या वयाचा पुरावा, लागत असल्यास वाहन मान्यतेचे प्रमाणपत्र, ओळख व पत्त्याचे पुरावे, ५५ पौंडांचे पहिल्या नोंदणीचे शुल्क आणि वाहन कर पाठवावा. मूळ कागद टपालाने जाणार असल्याने त्यांच्या स्वच्छ प्रती आधी काढून ठेवाव्यात आणि पाकीट नोंद होणाऱ्या टपालानेच पाठवावे. क्रमांक मिळाला की नोंदणीकृत विक्रेत्याकडून प्लेट बनवून घ्याव्यात, त्या पुढे-मागे लावाव्यात, आणि गाडी बाहेर काढण्यापूर्वी विमा कंपनीला नवा क्रमांक कळवून पॉलिसीवर तो आल्याचा दुजोरा घ्यावा. तोपर्यंत पोलिसांच्या संगणकावर त्या क्रमांकापुढे विमा दिसत नाही.